लाडूच्या पाठीवरचा भंडारा

बनाबाईच्या घरात साप आला तो बिळातून नव्हे, की उसाच्या पाचटातून नव्हे. तो रीतसर पिकअपमध्ये बसून आला, काचेच्या पेटीत, अंगाखाली विजेवर तापणारी गादी घेऊन, आणि सोबत सरकारी नोंदणीचे कागद घेऊन. तिच्या मुलाच्या, संभाजीच्या ट्रॅक्टरला जेवढे कागद नव्हते तेवढे त्या सापाला होते.

आणला होता नातीनं, प्राचीनं. ती बारामतीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला, मैत्रिणींबरोबर खोली करून राहणारी. कंपनीनं तिला ट्रेनिंगसाठी चेन्नईला धाडायचं ठरवलं आणि खोलीतल्या पोरी म्हणाल्या, तू जातेस तर खुशाल जा, पण ह्याला घेऊन जा. मग पोरीला गावाची, वरकुट्याची आणि आजीची आठवण झाली.

"काय हाय ह्यात?" बनाबाईनं पेटीकडं बोट केलं.

"लाडू."

"लाडू वळवळतोय कशापायी?"

प्राचीनं वरचं फडकं काढलं. आत काळ्या-तपकिरी ठिपक्यांचं जनावर स्वतःभोवती गुंडाळून, डोकं मधोमध खुपसून बसलं होतं. बनाबाई भिंतीला टेकली. सून राजेश्वरी थेट उंबऱ्याबाहेर गेली आणि तिथून डोकावू लागली.

"बॉल पायथन म्हंत्यात ह्याला, आज्जे. आफ्रिकेतला. इख न्हाय, काय न्हाय. भ्यालं का असं डोकं लपवून गुंडाळून बसतंय."

"म्हंजी तुझ्या बापावर गेलंय," बनाबाई म्हणाली. पेटी उतरवून दमलेला संभाजी घाम पुसू लागला.

"आन् आपण बोललेलं त्याला कळत न्हाय."

बनाबाईनं जरा विचार केला. "म्हंजी उलटून बी बोलत न्हाय?"

"न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे."

प्राचीनं पाण्याचं भांडं दाखवलं, ओल्या शेवाळाची डबी दाखवली, गादीची वायर कुठं लावायची ते संभाजीला समजावलं, आणि आइस्क्रीमच्या डब्यात गोठवलेले उंदीर ठेवून ती गेली. बनाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. ह्या घरात अंड्याचं नाव कुणी चढ्या आवाजात घेत नसे. तिनं जुना फ्रीज गोठ्याच्या पडवीत हलवला आणि संभाजीला बजावलं, की त्या डब्याशी तुझा आणि सापाचाच संबंध. मला त्यातलं काही ठाऊक नाही. पुढं सगळ्यांचं ठीक चाललं. एकदा पाहुण्यांच्या पोरानं आइस्क्रीम म्हणून डबा उघडला तेवढं सोडून.

बनाबाईला तो साप हळूहळू आवडू लागला, पण हे ती कुणाला कळू देत नव्हती. दुपारी घर सामसूम झालं की ती पेटीसमोर पाट टाकून बसायची आणि त्याला सगळ्यांची गाऱ्हाणी सांगायची. लाडू जीभ बाहेर काढायचा, आत घ्यायचा. मधेच "पर आत्याबाई" असं काही म्हणायचा नाही. त्या घरात एवढा सभ्य श्रोता तिला आजवर मिळाला नव्हता.

आता बनाबाई म्हणजे काही नुसती म्हातारी नव्हे. वरकुटे आणि आसपासच्या गावांतल्या बायांनी मिळून दूध संस्था काढली होती आणि संस्था झाल्यापासून तिची चेअरमन बनाबाईच. शाळेत ती सही शिकण्यापुरती गेली आणि सही आली तशी परत आली. पण दूध नुसतं बघून त्यात कुठल्या विहिरीचं पाणी आहे हे सांगायची. त्या खुर्चीवर बसून तिनं बायांना वठणीवर आणलं होतं, टँकरवाल्यांना घाम फोडला होता, आणि तपासणीला आलेल्या एका साहेबाला डोळे पुसत परत पाठवलं होतं. खुर्ची गेली तर सकाळी उठून बोलायचं कुणाला? राजेश्वरी एकटी किती पुरणार?

आणि खुर्ची जायची वेळ आली होती. संस्थेची निवडणूक लागली होती आणि समोर पॅनेल उभं केलं होतं धाकट्या जावेनं, साखरबाईनं. ह्या बाईचं नाव साखर कुणी ठेवलं, त्याला बनाबाई लग्नापासून शोधत होती.

मतदानाआधी बायांना भंडारा उचलायला लावायची, ही तिकडची रीत. हातात हळदीचा भंडारा घ्यायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि शब्द द्यायचा, की मत तुम्हालाच. पण ह्या रीतीत आता दम राहिला नव्हता. गेल्या खेपेला बायांनी दोन्ही घरी भंडारा उचलला, दोन्हीकडून कुकर नेले आणि दोन्हीकडं शिरा खाल्ला. एकीनं तर बनाबाईकडं पिवळा केलेला हात न धुता तसाच साखरबाईकडं नेला, म्हणाली, परत कशाला भंडारा वाया घालवता.

"बायांना देवाचं भ्या उरलं न्हाय," बनाबाई जेवताना म्हणाली.

"देव बसल्या जागी बसतो म्हणून," संभाजी घास चावत म्हणाला. "हालणारा, जीभ काढणारा देव पायजे. त्यो काय बसलाय पेटीत."

संभाजीच्या डोक्यातून आजवर एकही धड गोष्ट निघाली नव्हती, म्हणून बनाबाई आधी हसली. मग तिचं हसू थांबलं.

दुसऱ्या दिवसापासून पेटी ओसरीवर आली. खाली पाट, बाजूला समई, शेजारी भंडाऱ्याची वाटी. लाडूला पेटीतून काढायचं, संभाजीनं दोन्ही हातांवर धरायचं, आणि बाईनं चिमूटभर भंडारा त्याच्या पाठीवर टाकून, वर हात ठेवून शब्द द्यायचा.

पहिली आली गल्लीतली नवी सून संजीवनी. हात ठेवायच्या आधीच तिचे दात वाजत होते.

"गार लागतोय की वं!"

"देव हाय त्यो, च्या न्हवं. बोल."

"माझं मत चेअरमनबाईला." लाडूनं तिच्याकडं मान वळवून जीभ काढली. संजीवनी किंचाळली, "माझ्या सासूचं बी! नणंद मतदार न्हाय, न्हायतर तिचं बी दिलं असतं!"

असा कारभार सुरू झाला. गावात बोलबाला झाला, की चेअरमनबाईकडं जिता देव आहे आणि त्याला खोटं कळतं. बाया रांगेनं येऊ लागल्या. ज्या साखरबाईकडं जाऊन आल्या होत्या त्या दारातूनच परत फिरू लागल्या, आणि बनाबाई त्यांचे चेहरे डोक्यात ठेवू लागली. लाडू मात्र दिवसागणिक पिवळा होत चालला. ओसरीवर ऊन, वारा, धूळ. पेटीतलं शेवाळ वाळून काड्या झालं होतं. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

बदल पहिल्यांदा दिसला बनाबाईलाच. लाडूच्या पाठीवरचे ठिपके विरल्यासारखे झाले. अंग चुलीतल्या राखेगत मळकट दिसू लागलं, पोटाची कड गुलाबी. संभाजीनं उंदीर पुढं केला तर त्यानं तोंड फिरवलं. पेटीत सोडला की सरळ आडोशाला ठेवलेल्या कौलाखाली. आणि मग एका सकाळी बनाबाईनं त्याचे डोळे बघितले. काळेभोर, मण्यासारखे डोळे निळसर पांढरे झाले होते. जन्मभर दुधात पाणी घालणाऱ्यांना पकडलेली बाई ती. तिला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी ह्याच्या डोळ्यात पाणी घातलेलं दूध ओतलंय.

तिनं प्राचीला फोन लावला.

"आंधळा झाला का गं ह्यो?"

प्राची हसली. "न्हाय आज्जे, कात टाकायला आलाय. सापाला पापणी नसती, डोळ्यावर बी कातच असती. ती सुटायला लागली का डोळं असं निळं दिसत्यात. रंग उतरतो, खात न्हाय, लपून बसतो, चिडका बी हुतो. ह्यो आजार न्हवं. थोड्या दिसांनी डोळं परत साफ हुतील आन् मग नाकापासनं कात उलटत जाईल, पायमोजा काढल्यागत, अख्खीच्या अख्खी."

"बरं."

"ऐक नीट. तवर त्याला अजिबात हात लावायचा न्हाय. उंदीर न्हाय द्यायचा. डबीतलं शेवाळ वलं ठेवायचं. आन् कात तुकड्या-तुकड्यानं निघाली, कात टाकल्यावर बी डोळं निळंच ऱ्हायलं, तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, नाकातोंडात बुडबुडं आलं, न्हायतर शिट्टीवानी आवाज आला, तर मातर त्यो आजार. मग मला लगोलग सांगायचं."

"बरं म्हटलं की!"

बनाबाई हे 'बरं' निबंधकाच्या कचेरीतल्या साहेबालाही असंच म्हणायची. म्हणजे ऐकलं, आता मी माझं करते.

तोवर ओसरीवर आलेल्या बायांनीही डोळे पाहिले होते. एकीनं तोंडावर पदर घेतला. "अगं बया! देवानं डोळं फिरवलं!"

बनाबाईनं तोंड उघडलं ते कात, पायमोजा वगैरे सांगायलाच. पण समोर त्या भेदरलेल्या बाया, आणि मतदान तोंडावर. तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"फिरवणारच की. हितं हात ठिवून कुणीतरी खोटं बोललंय."

मग एकीनं हळूच शेजारणीकडं पाहिलं, शेजारणीनं तिसरीकडं, आणि बांध फुटला. एक म्हणाली, मी साखरबाईकडं फक्त हळदीकुंकवाला गेले होते, पण शब्द तेवढा सुटला. दुसरी म्हणाली, मी इथं हात ठेवताना मनात दुसरं बोलले. तिसरीनं तर दुधात पाणी घालते हेही कबूल केलं, ते तिला कुणी विचारलंच नव्हतं. बनाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. एवढं खरं तिला संस्थेच्या एकाही वार्षिक सभेत ऐकायला मिळालं नव्हतं.

सगळ्या गेल्यावर चुलीपाशी राजेश्वरी रडत बसलेली दिसली.

"तुला काय झालं?"

"आत्याबाई, म्या बी साखरबाईला शब्द दिलाय."

बनाबाई खालीच बसली. "अगं, ह्या घरचं मीठ..."

"तुमी पडला तर दिवसभर घरात ऱ्हाल हे ठाऊक असून बी दिला," राजेश्वरी नाक ओढत म्हणाली. "आता तुमीच समजा माझं काय झालं आसंल."

एवढं लागट वाक्य त्या घरात बनाबाईशिवाय कुणी बोललं नव्हतं. सून आपल्याच हाताखाली तयार झाली, ह्याचं तिला क्षणभर कौतुकच वाटलं. मग ती उठली, भंडाऱ्याची वाटी आणली आणि म्हणाली, "चल, परत हात ठेव."

त्या एका राजेश्वरीपासून पुन्हा सगळं सुरू झालं. जिनं कबूल केलं तिनं नव्यानं शब्द द्यायचा, नव्यानं चिमूट टाकायची. निळ्या डोळ्यांचा लाडू दिवसभर हातावर. तो आता गुंडाळून बसत नव्हता, मान ताठ करून फुसकारायचा. "बघा, अजून रागात हाय," बनाबाई सांगायची. प्राचीचा फोन आला की म्हणायची, "झ्याक हाय. कुणी हात लावत न्हाय."

तरीही काही बाया भरवशाच्या वाटेनात. मतदानाच्या आदल्या दिवशी साखरबाईची माणसं त्यांना गाठणार, म्हणून बनाबाईनं त्यांना गावातच ठेवायचं नाही असं ठरवलं. संभाजीनं घरच्या दोन्ही गाड्या काढल्या, असल्या सगळ्या बाया भरल्या आणि पहाटेच मोरगावला गणपतीच्या दर्शनाला नेल्या. सांजेपर्यंत आणायच्या नाहीत असा हुकूम होता. देवदर्शन, जेवण आणि पहारा, तिन्ही एका डिझेलात.

गाड्या गेल्या, उन्हं चढली, तेव्हा बनाबाई पेटीपाशी आली.

लाडूची कात निघायला लागली होती. पण पायमोज्यासारखी नाही. मानेपाशी एक चिंधी, मधेच भंडाऱ्यानं खरखरीत झालेला पट्टा चिकटून बसलेला, शेपटीच्या टोकाला आवळलेली कडी. डोळे तसेच दुधाळ. तो नाक वर करून, तोंड किंचित उघडून बसला होता. बनाबाईनं कान जवळ नेला. श्वास घेताना शिट्टी वाजत होती. नाकपुडीत बारीक बुडबुडा आला आणि फुटला.

तिनं व्हिडिओ कॉल लावला. प्राचीच्या तोंडचं पाणी पळालं.

"आज्जे, काय लावलंस त्याच्या अंगाला?"

"काय न्हाय."

"मग पाठीवर पिवळं काय हाय?"

"उजेड."

प्राचीनं स्क्रीनला डोळे लावून ती पाठ नीट बघितली. पोरीनं खोटं ओळखलं, हे बनाबाईला फार लागलं. "बारामतीत डॉक्टर हायत, सापाला बघणाऱ्या. मी त्यांना फोन करते. वल्या सुती कापडात गुंडाळ, कात वढू नको, डोळ्याला तर बोट लावू नको. आन् आत्ता नीघ. त्यो तोंडानं श्वास घेतोय, आज्जे."

बनाबाईनं संभाजीला फोन केला.

"आई, बाया आत्ता कुठं जेवायला बसल्यात. आन् मी आलो तर ह्या बी येणार. देवाला दवाखान्यात नेलं म्हणल्यावर शपथ ऱ्हाती का? उद्या मत पडू दे, परवा नेऊ."

खरं तर संभाजीचं म्हणणं बिनतोड होतं. देव डॉक्टरपुढं गेला की तो जनावर झाला, आणि जनावरावर हात ठेवून दिलेला शब्द कोण पाळतं? एक दिवस. एक दिवस थांबलं की खुर्ची आपलीच. बनाबाईनं पेटीत पाहिलं. लाडूनं पुन्हा तोंड उघडलं. तिच्या सगळ्या गाऱ्हाण्यांत जे तोंड कधी उघडलं नव्हतं ते.

"गिळ तिकडं परसाद," तिनं संभाजीला सांगितलं आणि फोन ठेवला.

गावातल्या जीपा, टेम्पो, सगळ्या निवडणुकीत. निम्म्या तिनंच गुंतवलेल्या. एसटी दुपारनंतर. ओल्या कापडात लाडू गुंडाळून, टोपलीत ठेवून ती रस्त्यावर आली, आणि समोरून भोंगा वाजत एक जीप आली. टपावर साखरबाईचा फोटो, खऱ्या साखरबाईपेक्षा बराच तरणा. खरी साखरबाई पुढं बसली होती.

बनाबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"काय वं जाऊबाई," साखरबाईनं मान बाहेर काढली, "परचाराला माणूस ऱ्हायलं न्हाय म्हणून स्वतःच वाट अडवताय व्हय?"

"साखरे, बारामतीला जायचंय. आत्ताच्या आत्ता."

साखरबाईनं टोपलीत पाहिलं. तिला सगळं कळायला एवढा वेळ लागला जेवढा सुपारी फोडायला लागतो. तिचा चेहरा उजळला.

"नेते की! जावा-जावांनी एकमेकीला उपयोगी पडायला नको? फकस्त जीप चावडीवरनं जाईल. आन् भोंगा चालूच ऱ्हाईल. ड्रायव्हरला बंद कसा करायचा ते ठाऊक न्हाय."

"मागं बसते."

"मागं कशाला? वयानं थोरल्या तुमी. पुढं बसा, समद्यांना दिसंल असं."

अशी बनाबाई बसली. जन्मात पहिल्यांदा साखरबाईनं सांगितलेल्या जागी. मांडीवर टोपली, वर कर्णा, आणि कर्ण्यातून गाणं, की साखरबाईला मत द्या, दुधाला दर घ्या. बनाबाई समोर बघत राहिली. दातावर दात.

चावडीपाशी जीप मुद्दाम हळू झाली. नळावरच्या बायांनी आधी बनाबाईला पाहिलं, मग टपावरच्या फोटोला, मग पुन्हा बनाबाईला.

"चेअरमनबाई तिकडं गेल्या?"

"मांडीवर काय हाय वं?"

साखरबाईनं माइक तोंडाला लावला. "बायांनो, जाऊबाईंचा देव आजारी हाय! देवाला दवाखान्यात न्यायला शेवटाला आमचीच जीप लागली!"

एकच गलका. बाया घागरी टाकून धावल्या आणि जीपला चिकटल्या. एकीला देवाला हात लावून माफी मागायची होती. दुसरीला विचारायचं होतं, की देव मेला तर माझ्या शब्दाचं काय, कोप माझ्यावर का तुमच्यावर? संजीवनी बोनेटला धरून रडत होती, की सासूचं मत मी न विचारता दिलं, म्हणून झालं हे. जीप पुढंही जाईना, मागंही येईना. टोपलीतून शिट्टी येत होती, आता आणखी बारीक.

"बाजूला व्हा," बनाबाई म्हणाली. कुणी हललं नाही. देवाला वाट देणारी गर्दी वेगळी आणि देवाकडं काम असलेली वेगळी.

तिनं साखरबाईच्या हातातला माइक ओढला.

"ऐका! देव न्हाय त्यो. आफ्रिकेतला अजगर हाय, प्राचीनं पाळलेला. कात टाकताना त्याचं डोळं निळंच हुत्यात, कुणी खोटं बोलो न्हायतर खरं. मला पोरीनं सांगितलं हुतं, मी तुमाला सांगितलं न्हाय. हात लावू नको म्हणली, मी पन्नास जणींचं लावलं. छातीत सर्दी झालीय त्याला. समद्यांच्या शपथा सुटल्या. ज्याला मत द्यायचं त्याला द्या, पर आदी माझ्या वाटंतनं व्हा बाजूला!"

हे सगळं साखरबाईच्या भोंग्यातून, साखरबाईच्या बॅटरीवर, अख्ख्या गावाला ऐकू गेलं. बाया बाजूला झाल्या. ड्रायव्हरनं जीप सोडली. कळस गाव मागं पडलं. मग साखरबाईनंच वाकून भोंगा बंद केला. कसा करायचा ते तिला ठाऊक होतं.

दवाखान्यात डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी लाडूला हातात घेतलं, तोंड अलगद उघडून पाहिलं, छातीला नळी लावली.

"अंगाला काय लावलं होतं?"

बनाबाईनं एकदा साखरबाईकडं पाहिलं. ती कान देऊन उभी होती. "भंडारा."

"किती?"

"निम्म्या गावाचा."

"कशासाठी?"

"विलेक्शनसाठी."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग त्या एवढंच म्हणाल्या, की कात टाकताना सापाला ओलावा लागतो, आणि तुम्ही नेमका त्याचा ओलावा काढून घेतलात; वर ती भुकटी नाकात, वर दिवसभर हाताळणी. त्यांनी कोमट पाण्याच्या उथळ टबात त्याला ठेवलं, मग ओल्या टॉवेलच्या घड्यांतून सरकू दिलं. चिंध्या एकेक करून टॉवेलला राहू लागल्या. शेपटीची कडी निघाली. डोळ्यावरच्या कातीला त्यांनी हात लावला नाही. ती घाईनं काढली तर डोळा जातो, म्हणाल्या, ओलावा द्या, निघाली तर निघाली, नाहीतर पुढच्या कातीबरोबर. छातीसाठी इंजेक्शनं सुरू केली. उशीर झाला असता तर, असं त्या म्हणू लागल्या आणि बनाबाईचा चेहरा बघून थांबल्या.

प्राचीचा फोन आला तेव्हा बनाबाई बाकावर बसली होती.

"उजेड न्हवता त्यो," ती म्हणाली.

"ठाऊक हाय मला, आज्जे," प्राची म्हणाली. आणि मग बराच वेळ आजीला फैलावर घेतलं. बनाबाई ऐकत राहिली, मधे एकदाही बोलली नाही.

निकाल लागला तो सगळ्यांना आधीच कळल्यासारखा लागला. मोरगावला नेलेल्या बायांनी प्रसाद बनाबाईला आणून दिला आणि मत साखरबाईला. संजीवनीनं कुणाला दिलं ते तिनं सांगितलं नाही, सासूनं मात्र सगळीकडं सांगितलं. बनाबाईची खुर्ची गेली आणि ती दिवसभर घरी राहू लागली. पहिल्याच आठवड्यात संभाजीनं शेतातल्या खोपटात खाट टाकली. राजेश्वरी चुलीपाशी बसून म्हणायची, म्या सांगितलं हुतं की.

लाडूची पेटी आता आतल्या खोलीत होती. शेवाळ ओलं ठेवणं हे बनाबाईचं काम. शिट्टी आधी कमी झाली, मग थांबली. एक डोळा लवकर साफ झाला, दुसरा रेंगाळला.

तेवढ्यात साखरबाई आली. दाराबाहेर चप्पल काढून, साखर-शेंगदाण्याची पुडी घेऊन.

"कसा हाय लाडू?"

"तुला काय करायचंय?"

साखरबाई खाली बसली. पॅनेल निवडून आलं खरं, पण चेअरमन निवडायचा संचालकांनी, आणि तिच्याच पॅनेलमधल्या दोघी-तिघी डळमळू लागल्या होत्या. एकीला स्वतःलाच चेअरमन व्हायचं होतं. सगळ्यांना कोकणात सहलीला नेऊन ठेवायचं ठरलं होतं, पण सहलीतसुद्धा फोन असतातच.

"बायांनी आयकलंय की वं तुमी भोंग्यावर काय बोलला," साखरबाई म्हणाली. "पर अर्ध्या म्हणत्यात, चेअरमनबाई घाबरून तशा बोलल्या. देवानं खोटं धरलं म्हणूनच त्या पडल्या. भ्या हाय अजून. एक दिस द्या. नुसता हात ठेवतील. भंडारा न्हाय लावणार, शपथ. आन् तुमाला स्वीकृत संचालक करते. खुर्चीच्या शेजारची खुर्ची."

बनाबाईनं पेटीकडं पाहिलं. खुर्चीच्या शेजारची खुर्ची. तिथून किती जणींना बोलता येईल, ह्याचा तिनं अंदाज घेतला. चांगल्या बऱ्याच जणींना.

"तुझ्या बायांवर तुझा इस्वास न्हाय," ती म्हणाली, "म्हणून माझ्या जनावरानं आजारी पडायचं व्हय?"

"तुमी न्हवतं पाडलं?"

"पाडलं की. म्हणून तर बोलायचा हक्क हाय मला. ऊठ. शेंगदाणे ठेव आन् नीघ."

साखरबाई गेली. शेंगदाणे राजेश्वरीनं आधीच आत नेले होते.

बनाबाई बराच वेळ लाडूकडं बघत बसली. तो आडोशातून बाहेर आला होता. ठिपके उजळ, काळे. दोन्ही डोळे मण्यासारखे. डोकं जमिनीपासून उचलून तो हवेत काहीतरी शोधत होता, जीभ लपलपवत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, छाती साफ झाली आणि मागायला लागला की द्या. संभाजी खोपटात.

ती उठली, पडवीतल्या फ्रीजपाशी गेली. गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली. उंदीर गरम पाण्यात ठेवून नरम केला, तोंड फिरवून, आणि चुलीजवळचा चिमटा उचलला.

"आत्याबाई! त्यो चपातीचा चिमटा हाय!"

"मग उद्या भाकरी कर."

तिनं चिमटा पेटीत घातला आणि डोळे घट्ट मिटले. हाताला हिसका बसला, असा की खांद्यापर्यंत गेला. डोळे उघडले तेव्हा लाडूनं उंदराभोवती वेढा मारला होता. राजेश्वरी दारातून बघत होती, पदर तोंडावर. दोघीही हलल्या नाहीत. उंदीर आत जाता जाता नुसतं शेपूट राहिलं, मग तेही गेलं.

बनाबाईनं प्राचीला फोन लावला. तिकडून हॅलो यायच्या आधीच ओरडली,

"गिळला गं! शेपटासकट!"